कर्माचे भोग आणि विंचवाचे विष

महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर लागते आणि तेथून सावित्री नदीच्या सोबतीने रस्ता महाडला जातो. घाटाच्या पायथ्याशी आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांतील शाळांत जे शिक्षक काम करतात त्यांना एक अनुभव नवा नाही. एखादे मूल आठवडाभर शाळेत येत नाही. चौकशी केली तर घरून सांगण्यात येते की देवाचे काहीतरी राहून गेले होते, म्हणून अंगात ताप भरला. भगताने सांगितलेले केले की उतार पडेल. मूल बरे झाले तर देव पावला. नाही झाले तर, भोग होते, भोगून संपले.

या समजुतीला 'अंधश्रद्धा' असे नाव देऊन पुढे जाणे सोपे आहे. आपली पाठ्यपुस्तके आणि आमच्यासारखे विज्ञानलेखक बहुधा तेच करतात. परंतु नाव ठेवणे म्हणजे परीक्षण नव्हे. रोग ही देवाने किंवा दैवाने दिलेली शिक्षा होय, हे मानवजातीचे फार जुने उत्तर आहे. ते शेकडो वर्षे टिकले याला काही कारणे असली पाहिजेत. एखाद्या वैज्ञानिक उपपत्तीची करतात तशी या उत्तराची तपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे. ते कोणत्या निरीक्षणांवर उभे आहे? ते चूक ठरण्याची काही शक्यता त्यात ठेवली आहे काय? आणि ते मानण्याची किंमत कोणाला मोजावी लागते?

प्राचीनांचे मत एकच नव्हते

'आपल्या पूर्वजांचे असे मत होते' असे आपण सहज बोलतो. प्रत्यक्षात जुन्या ग्रंथांत किमान तीन वेगळी मते सापडतात.

पहिले मत मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. तेथे पापांची आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या व्याधींची यादीच दिलेली आहे. सोने चोरणाऱ्याची नखे कुरूप होतात, मद्य पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. अन्न चोरणाऱ्याला अपचनाचा विकार जडतो, कापड चोरणाऱ्याच्या अंगावर कोड उठते, घोडा चोरणारा पांगळा होतो. मंदबुद्धी, मुके, आंधळे, बहिरे आणि व्यंग असलेले लोक असेच आपापल्या कर्मांच्या अवशेषामुळे जन्मतात, आणि सज्जन त्यांची निंदा करतात, असेही तेथे म्हटले आहे.

ही यादी कशी तयार झाली असेल हे थोड्या विचारानंतर ध्यानात येते. अन्नाच्या चोरीला पोटाचा रोग, अंगावरच्या वस्त्राच्या चोरीला अंगावरचा डाग, पळणाऱ्या घोड्याच्या चोरीला पायाचे पंगुत्व! गुन्ह्याशी शिक्षेचे साम्य जुळवलेले आहे. कोणी शंभर घोडेचोर आणि शंभर पांगळे तपासून हा निष्कर्ष काढलेला नाही. आणि तपासायला गेले तरी उपयोग नाही, कारण पाप या जन्मीचे असेल किंवा मागच्या जन्मीचे, अशी सोय आरंभीच करून ठेवली आहे. धडधाकट चोर दिसला तर त्याची शिक्षा पुढच्या जन्मी. निरपराध बालक पांगळे दिसले तर अपराध मागच्या जन्मीचा. जगात काहीही दिसले तरी ज्या विधानाला धक्का लागत नाही ते विधान जगाविषयी काहीच सांगत नसते.

दुसरे मत चरकसंहितेत आहे आणि ते अधिक विचार करायला लावते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्य येथे पुनर्वसू आत्रेय साथींविषयी बोलत आहेत. शिष्य अग्निवेश त्यांना जे विचारतो तो प्रश्न आजच्या साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला शोभेल असा आहे. माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळे, वय वेगळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने अख्खा जनपद कसा काय उद्ध्वस्त होतो? आत्रेयांचे उत्तरही तर्कशुद्ध आहे. माणसे वेगळी असली तरी काही गोष्टी सर्वांना समान असतात: वायू, जल, देश आणि काल. या बिघडल्या की सर्वांना एकदम बाधा होते. अनेक वेगळ्या माणसांना एकच परिणाम दिसला तर त्यांच्यात समान काय आहे ते शोधा, हीच ती रीत. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो याने पटकीच्या साथीत एका पंपाचे पाणी हुडकून काढले ते याच रीतीने.

पण स्नो जेथून पुढे गेला तेथे आत्रेय थांबत नाहीत, वळतात. वायू आणि जल बिघडतात ते तरी का? त्याचे मूळ अधर्म, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीचा अपराध, असे ते सांगतात. राज्यकर्ते अधर्माने वागू लागले की खालचे लोकही तसेच वागतात आणि ऋतू बिघडतात. पाण्यापर्यंत आलेला शोध पुन्हा नीतीकडे गेला. पाणी कोणत्या विहिरीचे, ती कोणत्या वस्तीजवळ, त्यात काय मिसळले, हे प्रश्न विचारायचे राहून गेले. आमच्या मते प्राचीन भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील ही एक हळहळ वाटावी अशी जागा आहे.

तिसरे मत बौद्ध वाङ्मयात आहे. संयुत्त निकायातील एका सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच होते असे काही जण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध हे मत नाकारतो. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या संयोगाने, काही ऋतुबदलाने, काही हयगयीने, काही आघाताने आणि काही कर्माच्या विपाकाने. आठ कारणांपैकी कर्म हे एक. त्याचे म्हणणे असे, की सगळेच कर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगात सत्य म्हणून मानले जाते त्याच्याही पलीकडे जातात. महाडजवळ महामार्गालगत गांधारपाले येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. कर्मवादाची ही टीका बाहेरून आलेली नाही. तिला सामावून घेणारी परंपरा याच खोऱ्यात दगडात कोरलेली आहे, हे विद्यार्थ्यांना तेथे उभे करून सांगता येईल.

महाड, १९२७

कर्मविपाकाचे मत केवळ वैद्यकाच्या पुस्तकात राहिले असते तर त्याचा उपद्रव कमी झाला असता. परंतु रोग ज्या तर्काने 'मिळवलेला' ठरतो त्याच तर्काने जन्मही मिळवलेला ठरतो. मनुस्मृतीचा बारावा अध्याय पापांमुळे कोणकोणत्या हीन योनीत जन्म मिळतो ते सांगतो. म्हणजे आंधळा आंधळा का, आणि अस्पृश्य अस्पृश्य का, या दोन्हींचे उत्तर एकच. एकदा दुःख हा न्याय मानला की ते दूर करणे हा न्यायात केलेला हस्तक्षेप होतो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. महाड नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तो कागदावरच होता. सत्याग्रहानंतर सनातनी मंडळींनी पाणी बाटले असे मानून तळ्याची 'शुद्धी' केली. त्या विधीत शेण आणि गोमूत्र पाण्यात मिसळले गेले. आता सन पाहा. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्याला पटकीच्या साथीचा अभ्यास करताना तेथल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले होते. त्यानंतर ४३ वर्षांनी महाडला माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते आणि शेणाने सुधारते असे मानले जात होते. विटाळ आणि संसर्ग या दोन कल्पना दिसायला सारख्या आहेत, दोन्हींत काहीतरी न दिसणारे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. फरक असा की संसर्ग सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, मोजता येतो आणि तो जात विचारत नाही.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. ते विषमतेच्या विरोधात होते, वैद्यकाच्या चर्चेसाठी नव्हते. तथापि अकरावा आणि बारावा अध्याय एकापाठोपाठ वाचले तर त्या दिवशी जळालेल्या विचारात रोग्याविषयीचा हा निवाडाही होता, हे कळून येते.

महाडचा विंचू

आता याच तालुक्यातील एक वैद्यकीय घटना पाहू. तिच्यात आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

कोकणात लाल विंचवाचा दंश ही शेतकऱ्यांच्या आणि मुलांच्या नित्य परिचयाची आपत्ती. गवताचा भारा उचलताना, लाकडे काढताना, दगड हलवताना विंचू चावतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावताना त्यांनी पाहिली. निश्चित उपचार उपलब्ध नव्हता. त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली: दंश केव्हा झाला, उलटी केव्हा झाली, घाम किती, हातपाय थंड आहेत काय, रक्तदाब किती, श्वास केव्हा लागला.

या नोंदींतून रोगाचा क्रम दिसू लागला. विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. त्यामुळे ॲड्रिनलीन आणि तत्सम द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि अखेर फुप्फुसांत पाणी साठते. तोंडातून गुलाबी फेस येऊन माणूस जातो. क्रम कळला तेव्हा कोठे अडवायचे तेही कळले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध, जे उच्च रक्तदाबासाठी वापरत असत, त्यांनी १९८०च्या दशकात दंशाच्या रुग्णांना दिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा सुमारे ४० दगावत. ते प्रमाण शेकडा १च्या आसपास आले. हे काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध गोळीच्या स्वरूपात आहे, स्वस्त आहे आणि कोणत्याही आरोग्य केंद्रात देता येते. मात्र ते वेळेवर पोटात जावे लागते.

भगताला यश का येते?

मग लोक आधी भगताकडे का जात? ते मूर्ख होते म्हणून? मुळीच नाही. त्यांचा अनुभव त्यांना तेच सांगत होता.

समजा (हे आकडे केवळ उदाहरणासाठी) एका खोऱ्यात शंभर जणांना विंचू चावला. त्यांतल्या नव्वद जणांच्या अंगात विष थोडेच गेले. ते काहीही केले वा न केले तरी बरे होणार. सगळे शंभर जण भगताकडे गेले. नव्वद बरे झाले. भगताचे यश शेकडा नव्वद! उरलेले दहा जण रात्रभर मंत्र झाल्यावर, श्वास लागल्यावर, झोळीत घालून दवाखान्यात नेले. त्यांतले बरेच दगावले. आता गावाचा हिशेब काय होतो? भगताकडे गेलेले वाचतात, दवाखान्यात नेलेले मरतात. प्रत्येक घटना खरी, निष्कर्ष साफ चुकीचा. कारण दोन्हींकडे गेलेले रुग्ण सारखे नव्हते.

यात आणखी एक मेख आहे. विष अंगभर पसरलेल्या गंभीर रुग्णांत दंशाच्या जागेची वेदना अनेकदा फारशी नसते; रुग्ण सावरू लागला की ती पुन्हा जाणवू लागते. पण मंत्राने 'विंचू उतरला' हे ठरवायचे कशावरून? वेदना कमी झाली यावरून. ज्या खुणेने सावध व्हायचे तीच खूण यशाची मानली जात होती.

आणि जे दगावले त्यांचे काय? तेथेच आपले जुने उत्तर कामाला येते. मंत्र खरा होता, पण त्याचे भोगच तसे होते. देव कोपला होता. घरात कोणीतरी काही मोडले असेल. येथे आमच्या मते या उत्तराचे खरे कार्य उघड होते. शिक्षेची कल्पना रोगाचे कारण सांगण्यासाठी फारशी वापरलीच जात नाही. ती फसलेल्या उपायाचे रक्षण करते. यश आले तर उपायाचे, अपयश आले तर रोग्याचे. अशा जमाखर्चात उपाय कधीच तोट्यात जात नाही आणि म्हणून कधीच बदलत नाही.

हा शोध आमचा नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्राटिसच्या परंपरेतील एका ग्रीक वैद्याने अपस्मारावर एक प्रबंध लिहिला. अपस्माराला तेव्हा 'पवित्र रोग' म्हणत. त्या वैद्याने म्हटले की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्यालाही नैसर्गिक कारण आहे. ज्यांना उपाय ठाऊक नव्हता अशा मांत्रिकांनी आपले अज्ञान झाकण्यासाठी देवाचा पडदा घेतला. रोगी बरा झाला तर कौतुक त्यांचे, मेला तर जबाबदारी देवांची. ग्रीसमधील मांत्रिक आणि कोकणातील भगत यांची कधी गाठ पडली नव्हती. तर्कातील पळवाट मात्र एकच आहे.

बिरवाडीला वेगळे काय घडले? तेथे मृत्यूही मोजले गेले. उपचार सुरू असताना रोगी गेला तर दोष रोग्याच्या दैवाकडे गेला नाही. उपचारात काय कमी पडले, असा प्रश्न विचारला गेला. विज्ञानाची श्रेष्ठता त्याच्या उपकरणांत शोधण्याचे कारण नाही. अपयशाचा दोष आपल्याकडे घेण्याच्या या सवयीत ती आहे.

किंमत कोण देतो?

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. कायदा आवश्यकच होता. पण कायदा भगताचा हात धरतो, मनातला निवाडा काढू शकत नाही.

कुष्ठरोगाकडे पाहा. हान्सेनने १८७३ साली त्याचा जंतू पाहिला. १९८१ सालापासून बहुविध औषधोपचाराची शिफारस आहे आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. तरीही भारतातील काही व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत टिकून होते. जंतू सापडल्यावरही शिक्षेची कल्पना १४६ वर्षे कायद्याच्या पुस्तकात आडोशाला राहिली, असेच म्हणावे लागेल. त्या काळात चट्टा लपवणारा प्रत्येक रुग्ण उशिरा उपचारांना आला, आणि बोटे गेली ती या उशिरामुळे.

आपण सुशिक्षितांनीही फार अभिमान बाळगू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ताही खचला. अशा वेळी 'निसर्ग कोपला', 'निसर्गाने सूड घेतला' ही वाक्ये आपण सर्रास लिहितो. देवाच्या जागी निसर्ग आला, वाक्यरचना तीच राहिली. सूड घ्यायचा तर कोणाचा? डोंगर पोखरणारे कोणी असतील तर ते तळियेतल्या त्या घरांत राहत नव्हते. दरड कोसळते ती मुरलेले पाणी, उताराचा कोन आणि मातीची पकड यांच्या हिशेबाने. या गोष्टी मोजता येतात आणि वेळीच इशारा देता येतो. 'कोप' म्हटले की मोजण्याचे काही उरत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला 'तुम्ही असे काय खात होता हो?' असे विचारणारे आपणही मनूची यादीच नव्या शब्दांत वाचत असतो. तंबाखूने कर्करोग होतो हे कारण आहे. 'भोगा आता' हा निवाडा आहे. पहिल्याने पुढचा रोगी वाचतो, दुसऱ्याने कोणीच वाचत नाही.

वर्गात

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. रोगी विचारतो, 'मलाच का?' वैद्यक सांगते, विष किती गेले, जंतू कसा शिरला, धोका किती पट होता. शंभरांतले दहा कोणते, हे ते पुष्कळदा सांगू शकत नाही. जुने उत्तर या रिकाम्या जागेत शिरते. ती जागा धाकदपटशाने भरत नाही. 'याचे कारण अजून ठाऊक नाही, पण दोष तुझा नाही', हे वाक्य शिक्षकाने मुलासमोर निःसंकोच उच्चारावे. घाटाखालच्या वाडीतल्या आजारी मुलाला त्याची गरज असते.

विद्यार्थ्यांना घरच्या देवावर टीका करायला लावू नये. त्यांना मोजायला शिकवावे. फळ्यावर चार घरांचा तक्ता काढावा. आडव्या ओळींत 'उपाय केला' आणि 'उपाय केला नाही', उभ्या रकान्यांत 'बरे झाले' आणि 'बरे झाले नाही'. गावात ऐकलेल्या गोष्टी कोणत्या घरात पडतात ते मुलांना विचारावे. जवळजवळ सर्व गोष्टी पहिल्याच घरात जाऊन बसतील, कारण आपण सांगतो आणि ऐकतो त्या उपायाने बरे झालेल्यांच्याच गोष्टी. मग विचारावे, बाकीची तीन घरे रिकामी का? हाच तक्ता घरगुती औषधाला लावावा, डॉक्टरांच्या औषधाला लावावा आणि वर्तमानपत्रातल्या टॉनिकच्या जाहिरातीलाही लावावा. एकट्या भगताला लावला तर तो तक्ता राहत नाही, चेष्टा होते.

आणि विंचू चावला तर काय करायचे, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे: वेळ लिहा, उलटी, घाम, हातपाय गार पडणे यांवर लक्ष ठेवा, वेदना कमी झाली म्हणून थांबू नका, आरोग्य केंद्र गाठा. देवाला नारळ परत आल्यावर फोडता येतो.